दुहेरी ब्रेकचा ट्रक

पावसाची सर चुकवायला कोणीतरी शेडमध्ये शिरलं, तेव्हा इझोर ट्रकखाली उताणी पडून एका हट्टी नटाला शिव्या घालत होती. तिला दिसले ते फक्त बूट. ओले, चिखलाने माखलेले.

"ब्रेकचा हा मास्टर सिलिंडर मूळचा नाही," वरून आवाज आला.

इझोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फारसं काही लागायचं नाही. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. ती सरपटत बाहेर आली. समोर एक उंच तरुण उभा. केसांतून पाणी निथळतंय, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याची खूण.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण महायुद्धात, चव्वेचाळीस साली अमेरिकन सैन्याने हा ट्रक आपल्या किनाऱ्यावर उतरवला, तेव्हा ब्रेकला एकच नळी होती. तुम्ही दोन केल्यात."

"आपल्या? हे बोलणं तर शेजारच्या प्रांतातलं, ब्रेटन वाटतंय. नॉर्मंडीचा किनारा तुमचा कधीपासून झाला?"

"लग्न करून इथे आलो असतो तर झाला असता," तो म्हणाला. "सध्या नुसताच राहायला आलोय. मी तांगी. जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबचा नवा तपासनीस."

इझोरने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. सैन्य उतरलं त्या दिवसाची आठवण म्हणून दर सहा जूनला क्लबच्या गाड्या रांगेने समुद्रावर उतरायच्या, गावातली म्हातारी माणसं मागे बसून टोप्या हलवायची. तपासनिसाने 'मूळचा' म्हटलं तरच ट्रक रांगेत. आणि हा ट्रक तिच्या बाबांचा होता.

"गेल्या वर्षी समुद्राकडच्या उतारावर एक नळी फुटली," ती म्हणाली. आवाज चढत गेला. "एकच! आणि सगळ्या चाकांचे ब्रेक गेले. बाबांनी ट्रक बांधावर चढवला म्हणून मागची माणसं वाचली. बाबांचा पाय मोडला. आता पुढच्या चाकांना एक नळी, मागच्यांना दुसरी. एक गेली तरी दुसरी आहे. कळलं?"

"कळलं. पण नियम असा आहे की चव्वेचाळीस साली होतं तसंच…"

"चव्वेचाळीस साली माणसं पटापट मरत होती. तेही नियमात आहे का?"

तांगी दाराकडे वळला. पाऊस थांबायच्या आधीच तो भिजत निघून गेला. 'गेला तर गेला' असं स्वतःला बजावत इझोर बराच वेळ दारात उभी राहिली, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना तो लोण्यात निथळणारा केक घेऊन आला. बाबा, म्हणजे रेमों, लंगडत दार उघडायला आले. गेल्या जूनपासून ते ट्रकमध्ये चढले नव्हते, पण गप्पांना त्यांची ना नव्हती. शेडमध्ये बोलता बोलता तांगीला टाकीत ब्रेक ऑइल कमी दिसलं. भल्या मनाने त्याने आपल्या बाटलीतलं ओतलं. बाबांनीही खिडकीतून काठी आत घालून पेडल दाबून पाहिलं.

संध्याकाळी इझोर त्याच्या दारात उभी. "माझ्या ब्रेकमध्ये तू काय ओतलंस?"

"ब्रेक ऑइल… का?"

"मी सिलिकॉनचं भरलं होतं! ट्रक वर्षभर शेडमध्ये पडून असतो, तेलाने पाणी धरू नये म्हणून. त्यात साधं मिसळत नाही, गाढवा! नळ्यांत गाळ होतो, रबरं फुगतात. आता सगळी चाकं उघडायची, सगळं धुवायचं, नवी रबरं… आणि सहा तारीख तोंडावर आलीय!"

तांगीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो हळूच म्हणाला, "तू मला 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले!"

"चालेल. मी रजा टाकतो."

तो खरंच आला. रोज. कोपरापर्यंत काळा होईस्तोवर नळ्या धूत बसला. इझोर ओरडायची, तो ऐकून घ्यायचा, आणि मधेच असं काही बोलायचा की तिला तोंड फिरवून हसावं लागायचं.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती. तो वर, पेडलवर. ती खाली, चाकाशी, पाना घेऊन. एकमेकांना दिसत नव्हते.

"दाब."

"दाबलं."

"धर… सोड. पुन्हा दाब."

"इझोर, तुला राग येत नाही असा एखादा वार असतो का?"

"रविवार. जेवण होईपर्यंत. धर म्हटलं ना!"

"धरलंय."

पान्यावरून तेलाचा थेंब मनगटावर ओघळला.

"नळी फुटली त्या दिवशी मी बाबांच्या शेजारी होते," ती म्हणाली. "पेडल जमिनीला टेकलेलं ऐकलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं… जणू माफी मागत होते. त्यांची काय चूक होती? मला तुझा राग नाही, तांगी. म्हणजे, आहे. पण खरा राग त्या नळीचा आहे. मीच बसवली होती ती… मूळची हवी म्हणून."

वर पेडलवरचा पाय जराही हलला नाही.

मग ती ट्रक उताराच्या माथ्यावर घेऊन गेली. पुढच्या नळीचा जोड तिने मुद्दाम सैल केला. तेल टपकू लागलं.

"आता मागच्या एकट्या नळीवर. बघायचंय ना तपासनिसाला? खाली उभा राहा."

तांगी तिच्या शेजारी येऊन बसला.

"उतर."

"नाही."

"तांगी, चेष्टा नाही ही!"

"म्हणूनच."

ट्रक सुटला. पेडल खाली गेलं, आणखी खाली… मग मागची चाकं करकरली आणि अख्खं धूड गदगदून उतारावर थांबलं. खाली समुद्र शांत होता. इझोर स्टीअरिंगवर कपाळ टेकून रडू लागली, आणि रडतानाही चिडलेलीच होती.

"मी घाबरलो होतो," तांगी म्हणाला. "ब्रेकला नाही. तू एकटी खाली गेली असतीस, याला. हा ट्रक रांगेत जाणार. क्लबच्या अध्यक्षांना पटलं नाही तर त्यांनी दुसरा तपासनीस शोधावा."

अध्यक्षांनी आदळआपट केली, आणि ट्रकला सगळ्यात शेवटची जागा दिली.

सहा तारखेला म्हातारी माणसं मागे चढली. बाबा शेडच्या दारात काठीवर रेलून उभे होते. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी इथून बघतो."

"बाबा, दोन्ही नळ्या मी आणि या ब्रेटनने मिळून बसवल्यात," इझोर म्हणाली. "त्यात आमची इतकी भांडणं ओतलीयत की हवेला जागाच नाही. चढ."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तांगीकडे पाहिलं. मग काठी आत टाकली, आणि थेट स्टीअरिंगवर बसले. उतारावर त्यांनी पाय पेडलवरून हलवला नाही. ट्रक मोजून-मापून खाली आला आणि वाळूच्या कडेला अलगद थांबला. मागून टाळ्या पडल्या.

"ब्रेक बरे लागतात," बाबा म्हणाले आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळले.

इझोर उतरली. तांगी मागून उडी मारून समोर आला. "अजून रागावलीयस?"

"खूप."

"आता कशाबद्दल?"

"इतके दिवस माझ्या शेडमध्ये लोळलास, आणि एकदाही…" मग तिने अख्ख्या क्लबसमोर त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं, आणि अध्यक्षांनी नाइलाजाने समुद्राकडे तोंड केलं.