दोन कोरे उन्हाळे

नर्स खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. हातातल्या पर्सची चेन तिने उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"सोमवारी माझा भाऊ वकिलाकडे जाणार आहे," ती म्हणाली. "त्याआधी मी चोर आहे की नाही, ते तुम्ही शोधून काढा."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. शेजारी त्यांचे सोबती मास्तर बसले होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. मास्तर माणसाचा चेहरा हुबेहूब काढत. त्या चेहऱ्यामागे काय शिजतंय, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळत नसे.

प्रकरण साधं दिसत होतं. नर्सचे वडील शिंपी. गेल्या हिवाळ्यात ते वारले. तीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन्ही मुलांसाठी एकाच दिवशी, एकाच फंडात, सारखी रक्कम गुंतवली होती. हा फंड एकाच परक्या देशातल्या कंपन्यांत पैसे लावणारा. तरुणपणी वडिलांनी त्या देशात, कपड्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथली माणसं कामात कुचराई करत नाहीत, एवढ्या एका विश्वासावर त्यांनी सगळं तिथे लावलं. आता खाती उघडली, तर बहिणीच्या खात्यात भावाच्या तिप्पट रक्कम होती. वडिलांच्या आजारपणात बँकेचे व्यवहार बहीण बघत होती. भावाने काय तो निष्कर्ष काढला.

"बाबांच्या बँकेत परवा कुठूनशी एक रक्कम जमा झालीये," नर्स म्हणाली. "तीही माझीच लबाडी, असं तो म्हणतो. अर्धे घे म्हटलं, तर म्हणाला, चोरीतला वाटा नको. बाई, पैसे गेले तरी चालतील मला. पण त्याची पोरं मला आत्या म्हणतात, आणि महिनाभर एकानेही फोन उचललेला नाही."

वडिलांचा जीव कुणावर जास्त होता, असं बाईंनी विचारलं. नर्स कसंनुसं हसली. भावावर, दुसरं काय. त्याला दरवर्षी नवीन वस्तू मिळायची. लहानपणी एकदा बाबांनी दोघांना विचारलं होतं, दरवर्षी थोडंथोडं हवं, की मोठेपणी एकदम? भाऊ म्हणाला, आत्ता. ही थोरली, शहाणपण दाखवायला म्हणाली, नंतर.

"ते नंतर कधी आलंच नाही," ती म्हणाली. "बाबा विसरले असणार. मीही कधी आठवण करून दिली नाही."

फंडाच्या एजंटचं ऑफिस चकचकीत होतं, त्याच्या बुटांसारखं. धंदा सासऱ्यांकडून आलेला, हे त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. भिंतीवर त्या फंडाचा तीस वर्षांचा तक्ता होता. रेघ चढत गेलेली, मध्ये एक खोल खड्डा, आणि वर ठळक अक्षरांत 'एकाचे दहा'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती. बाईंनी ती चष्मा वर करून वाचली.

पहिल्या दिवसानंतर कुणी पैसे घातले का, त्यांनी विचारलं. एजंट म्हणाला, दोघांच्याही खात्यात एक पैसा नाही. मग कुणी युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, विकले का? तेही नाही. भावाचे युनिट पहिल्या दिवशी होते तेवढेच आजही आहेत. बहिणीचे तिप्पट झाले आहेत.

"पैसे न घालता युनिट वाढले?" मास्तर पुढे सरसावले.

"सासऱ्यांच्या काळातली खाती आहेत, मला काय ठाऊक," म्हणत एजंटने कॉलर सैल केली.

बाईंनी खड्ड्यावर बोट ठेवलं. तिथे एजंट खुलला. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी तो देश बुडायच्या बेतात होता. बँका बंद पडल्या. एरवी तिथल्या कंपन्या नफ्यातला वाटा, म्हणजे लाभांश, उन्हाळ्याच्या तोंडाशी न चुकता वाटतात. त्या वेळी दोन वर्षं छदामही वाटला नाही. एकाच देशावर सगळं लावलं की हा धोका असतोच. पण ज्यांनी धीर धरला, त्यांचं बघा, असं म्हणून त्याने 'एकाचे दहा'कडे हात केला.

"हे भावालाही दाखवलंत?"

"सगळ्यांनाच दाखवतो."

भावाचा फोटो स्टुडिओ बाजारपेठेत, जिन्याखाली होता. पाहुण्यांचं काम कळल्यावर त्याने त्यांना बसाही म्हटलं नाही. वडिलांच्या एकाचे दहा व्हायला हवे होते, ते कुणी खाल्ले, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

मास्तर मात्र फळीवरच्या वस्तूंत रमले. जुनी दुर्बीण, टेपरेकॉर्डर, पहिला कॅमेरा. सगळं बाबांनी दिलेलं, असं सांगताना भावाचा आवाज खाली आला. बाईंनी विचारलं, वाढदिवसाला का? नाही, त्याचा वाढदिवस हिवाळ्यातला. वस्तू यायची ती उन्हाळा सुरू होताना. यंदा पहिल्यांदाच काही आलं नाही.

"पहिल्यांदाच नाही म्हणा," तो थांबून म्हणाला. "कॉलेज सोडून मी फोटोग्राफी धरली, त्याला अठरा-एकोणीस वर्षं झाली. तेव्हा दोन उन्हाळे कोरे गेले. बाबा तोंडाने रागावले नाहीत, पण मला कळायचं ते कळलं. तिसऱ्या वर्षी एक साधं पेन दिलं. राग थोडा निवळला असावा."

"त्या दोन वर्षांत काहीच नाही?"

त्याने खुंटीकडे मान उडवली. तिथे एक कोट होता, अंग एका कापडाचं, बाह्या दुसऱ्या.

"दुकानात उरलेल्या कापडाचा शिवलेला. मी कधी घातला नाही. पासपोर्टच्या फोटोला गिऱ्हाइकं घालतात."

बाहेर पडल्यावर मास्तरांनी निकाल देऊन टाकला. चोर एजंट, असे बूट प्रामाणिक माणसाचे नसतात. बाई नेहमीप्रमाणे चिडवायला गेल्या नाहीत. त्यांच्या मनात एकच धास्ती होती. उत्तर हाती आलं होतं, पण ते त्या भावाला झेपेल का?

रविवारी नर्स, भाऊ, एजंट आणि मास्तर अशा चौघांना घेऊन बाई स्टुडिओत बसल्या. नर्स दारालगत उभी राहिली, भावाने तिच्याकडे पाठ केली.

"चोरी झालेलीच नाही," बाई म्हणाल्या. "फंडाचे युनिट पैसे न घालता एकाच वाटेने वाढतात. लाभांश हातात न घेता त्याचेच नवे युनिट घेतले, की पुढे त्या युनिटांवरही लाभांश मिळतो. ताईंच्या खात्यात तीस वर्षं हेच होत आलं. त्या 'नंतर' म्हणाल्या होत्या."

नर्सने पर्स घट्ट धरली.

"आणि माझा लाभांश?" भावाने विचारलं.

"तुम्ही 'आत्ता' म्हणाला होतात. तो दर उन्हाळ्यात वडिलांच्या बँकेत यायचा आणि त्यातून तुमच्यासाठी वस्तू यायची. तुमचे दहा कुणी खाल्ले नाहीत, ते या फळीवर आहेत. परवाची रक्कम यंदाचा लाभांश. वस्तू आणणारा माणूस तेवढा राहिला नाही."

मग त्या एजंटकडे वळल्या. एकाचे दहा होतात ते लाभांश पुन्हा फंडातच घातला तर, हे तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. भाऊ विचारायला आला तेव्हा हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग लाभांश हातात घेणाऱ्या बाकीच्या गिऱ्हाइकांनीही आमचे दहा कुठे, म्हणून विचारलं असतं. एजंट आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला.

"म्हणजे बाबा विसरले नव्हते," नर्स हळूच म्हणाली, आणि महिनाभर दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

भाऊ अजून फळीकडेच बघत होता. "ते दोन उन्हाळे," तो म्हणाला. "ते रागावले होते ना?"

"त्या दोन वर्षांत त्या देशाने कुणालाच काही दिलं नाही. तुमच्या खात्यातून वस्तू आणायला पैसेच आले नाहीत," बाई म्हणाल्या. "तरी तुमचा उन्हाळा रिकामा जाऊ नये, म्हणून त्यांनी स्वतःजवळचं दिलं. या खोलीत निव्वळ त्यांचं असं तेवढंच आहे."

सगळ्यांनी खुंटीकडे पाहिलं. मास्तरांनासुद्धा या वेळी कळलं.

भावाने उठून कोट काढला, झटकला आणि अंगात चढवला. तो खांद्यांत काचत होता. कित्येक गिऱ्हाइकांनी वापरून त्याची कॉलर मऊ पडली होती.

"ताई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बटण लागत नाही गं."

नर्स डोळे पुसत पुढे झाली. "श्वास आत घे," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कोट ओढून बटण लावू लागली.