रथाचे झटके

नवरदेवाचा फेटा उडाला आणि थेट वल्लरीच्या स्कूटरवर, तिच्या पायांशी येऊन पडला.

हडपसरला गाडीतळाजवळ ती वीस मिनिटं वरातीमागे अडकली होती. पुढे ब्रास बँड, त्यामागे विजेवर चालणारा चंदेरी रथ... आणि त्या रथाने एकाएकी असा झटका दिला, की नवरदेव सिंहासनावरून घसरून गुडघ्यांवरच आला. वल्लरी फेटा घेऊन पुढे गेली, तर रथ चालवणारा मुलगा कानाची पाळी पकडून नवरदेवाच्या मामांची माफी मागत होता. उंच, सावळा... आणि माफी मागतानाही डोळ्यांतलं हसू लपत नव्हतं.

"हा घ्या फेटा," ती म्हणाली. "माणसं बसवता, की पाडायला नेता?"

"मी कुठं पाडतोय, मॅडम? गाडीच झटके देती. पाऊण तास गुणानं चालती, मग अंगात येतं तिच्या."

वल्लरीने वाकून चाकांमागे पाहिलं. मोटरच्या कंट्रोलरवर तिच्याच कंपनीचं नाव होतं. आतला प्रोग्रॅम तर तिने स्वतः लिहिला होता.

"चूक तुमची नाहीये," ती पुटपुटली. "माझी आहे."

जन्मापासून सदाशिव पेठेत राहून हे वाक्य ती आज पहिल्यांदाच बोलत होती.

मुलाचं नाव समर्थ, गाव लोणी काळभोर. वडिलांचं, बापूरावांचं, बँडपथक होतं. रथ मात्र समर्थच्या हट्टाचा. "अजून एक नवरदेव पडला, तर रथ भंगारात आणि परत घोडी," असं बापूरावांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी समर्थ रथ घेऊन तिच्या कंपनीत हजर. तिथे तो रथ तासभर गरीब गाईसारखा चालला. वल्लरीने चहाचा कप सरकवून कागद पुढे ओढला.

"इंडक्शन मोटरमध्ये करंटची दोन कामं. थोडा करंट चुंबकत्व तयार करतो, बाकीचा चाक फिरवायला जोर देतो. तो जोर म्हणजे टॉर्क. हायवेवर चुंबकत्व कमी करायचं, म्हणजे मोटर आणखी पळते. जोर घटतो, पण तिथे चालतं."

"अन् वरातीत?"

"वरातीत उलटं. वेग जवळपास शून्य, आणि जोर पुरेपूर हवा. दोन्ही करंटचं माप अचूक लागतं. मोटर तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, पण माझा प्रोग्रॅम ती गारच आहे असं धरून चालतो. मग माप चुकतं."

"डोकं तापलं की गणित चुकतं. आमच्या बापूंचं बी तसंच हाय."

वल्लरीला हसू आवरेना. "मला खरी वरात लागेल," ती कशीबशी म्हणाली. "खरं ऊन, खरी गर्दी..."

"मग या की! आमंत्रण समजा."

वाघोलीच्या वरातीत तिला बसायला एकच जागा होती — सिंहासनावर, नवरदेवाशेजारी, मांडीवर लॅपटॉप. कोपऱ्यावर एक काकू ताट घेऊन पुढे आल्या, वल्लरीला कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. अर्ध्या कीबोर्डवर पडल्या.

"अहो काकू, मी इंजिनिअर आहे!"

"असू दे गं. हल्ली सगळ्याच शिकलेल्या असतात."

"ही ती नाही!" नवरदेव घाबऱ्याघुबऱ्या ओरडला. पुढे रथ चालवणाऱ्या समर्थचे खांदे हसून गदगदत होते. आरशात दोघांची नजर मिळाली... आणि वल्लरी कीबोर्डवरचं बटण दाबायची विसरली.

पाऊण तासाने स्क्रीनवरची रेघ थरथरू लागली. तिने रथ थांबवायला लावला, मोटरच्या तापमानाची दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये चढवली आणि म्हणाली, "आता सोडा... हळू." नाचणाऱ्यांच्या मागे रथ मुंगीच्या पावलांनी सरकला. नवरदेवाच्या हातातलं सरबत हललंसुद्धा नाही. क्लॅरिनेट वाजवता वाजवता बापूराव मागे वळून बघत राहिले आणि त्यांचा सूर चुकला.

रथ वाचला. पण आठवड्याने समर्थचा फोन आला. "मॅडम, परत येताना रिकाम्या रथाला हायवेवर झटके बसतायत." वल्लरी गेली, नोंदी पाहिल्या आणि काही न बोलता लॅपटॉप मिटला. पुन्हा फोन, पुन्हा ती गेली. तिसऱ्यांदा मात्र कवडीपाटला, नदीकाठी, तिने लॅपटॉप त्याच्यापुढे उघडा ठेवला.

"ही निळी रेघ मोटरच्या टॉर्कची. ही लाल, तुमच्या अ‍ॅक्सिलरेटरची. दरवेळी आधी लाल उडी मारते, मग निळी."

समर्थ कानांपर्यंत लाल झाला. "म्हंजे... पायाचं बी रेकॉर्ड होतं?"

"सगळंच होतं."

"कधी कळलं?"

"पहिल्याच फेरीला."

"अन् तरी तीनदा आलात?"

"एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाही मी," ती पाण्यातल्या बगळ्यांकडे बघत म्हणाली. गाल मात्र तापले होते.

त्याने हात पुढे करून लॅपटॉप मिटला. मग एका दमात म्हणाला, "मॅडम, मला तुम्ही लई आवडता. आता बिघाड शोधत बसणं जमत नाय मला."

"मॅडम नाही... वल्लरी."

"वल्लरी," त्याने जपून म्हणून पाहिलं.

"रविवारी घरी या. आई पोहे देईल, बाबा उलटतपासणी घेतील."

"येतो. रथ घेऊन येऊ?"

"नको," म्हणत तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "आत्ताच नको."