लिलीमावशीचा आवाज

"खिळे कुठे मिळतील हो?"

मार्नीनं एवढंच विचारलं, आणि दुकानदाराच्या हातून रंगाचा डबा निसटला. पांढरा रंग फरशीभर पसरला... त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पुन्हा बोला ना," तो हळूच म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही."

त्याचं नाव डेल. सुपिरियर सरोवराकाठच्या त्या गावात मार्नी आली होती ती मावशीचं बंद घर विकायला. लिलीमावशीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी ती इथल्या रेडिओवर रॉकची गाणी लावायची, मधेमधे खट्याळ गप्पा मारायची. तिच्यासाठी गावातली पोरं शाळा सुटली की धावत घर गाठायची. डेलही त्यातलाच. एका मार्चमध्ये, भर धुक्यात, ती गोठलेल्या सरोवरावर चालत गेली... ती गेलीच.

आणि मार्नीचा आवाज हुबेहूब तिचा! बेकरीत तिनं वेलदोड्याचा पाव मागितला की माना वळायच्या. पोस्टातल्या म्हातारीनं तर तिचा हात धरून विचारलं, "पाणी फार गार होतं का गं?"

डेलनं जपून ठेवलेली कॅसेट लावली. "वारा उत्तरेचा आहे, पोरांनो, टोप्या घाला," आवाज म्हणाला. आपलाच आवाज – आपण कधीच न बोललेलं बोलणारा! मार्नीनं घाईनं कॅसेट बंद केली.

"एकदा तिनं माझं नाव घेतलं होतं," डेल म्हणाला. "चुकीचं. 'गेल' म्हणाली. तरी आठवडाभर मी जमिनीवर नव्हतो."

मग तो रोजच यायला लागला. दुरुस्तीच्या निमित्तानं.

"अजून किती दारं मोडकी आहेत माझ्या घरात?"

"कमी पडली तर एखादं मोडेन की!"

ती हसायची. पण एक सल होता – ती बोलायला लागली की तो डोळे मिटायचा.

"डेल, तू कोणाकडे येतोस? माझ्याकडे, की तिच्याकडे?"

तो वाकून दाराची बिजागरी पिळत राहिला.

त्याच आठवड्यात मार्नीचा घसा धरला. आवाज पार बसला. आता कशाला येतोय हा, तिला वाटलं... तो आला. वाटाण्याचं सूप घेऊन, रोज. तो बोलायचा, ती वहीत लिहायची.

अकराव्या दिवशी सकाळी घसा मोकळा झाला. तरी डेल आल्यावर ती गप्पच राहिली. भीती वाटली तिला.

त्यानं चमचा खाली ठेवला. "मार्नी, तुझा आवाज आलाय, परवाच कळलं मला. नको बोलूस, तुझी मर्जी. पण इतके दिवस तू नुसते डोळे वटारून मला हसवलंस ना... तेच हवंय मला. राहशील इथे?"

"राहीन," ती म्हणाली. मग थबकली. "पण – परवा कसं कळलं?"

"जिना ठोकत होतो ना? तू वरच्या खोलीत गुणगुणत होतीस."

"आवाज आज सकाळी आलाय, डेल. आणि परवा मी खाली होते. स्वयंपाकघरात."

दोघंही वर बघत राहिले. खिडकीला धुकं चिकटलं होतं. मार्नीनं चाचपडत त्याचा हात धरला, घट्ट.

"मावशी," ती छताकडे पाहून म्हणाली, "घर तुझंच. नाही विकत मी. मी याच्याकडे राहायला जाते हं."