खांबाआडची खुर्ची

ऊर्जा खात्याच्या सुनावणीच्या दिवशीच वीज जावी आणि लिफ्ट मधेच अडकावी… आत मी आणि फायलींचा ढीग छातीशी धरलेला एक उंच माणूस.

"आमचा दोष नाही हं," अंधारात तो म्हणाला. "मी पाणीपुरवठ्याचा."

मला हसू आलं. वीज-पाण्याच्या योजनांना दिलेला सरकारी निधी कुठं गेला, हे विधिमंडळाची समिती खात्यांना समोर बसवून विचारते. सदस्यांना ते प्रश्न लिहून द्यायचं काम माझं, हे मी त्याला सांगून टाकलं.

"म्हणजे आम्हाला घाम फोडता त्या तुम्हीच?"

"अजून कुठं फोडलाय…"

दिवे आले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. मी उगाच गळ्यातलं ओळखपत्र सारखं केलं.

तेव्हापासून सुनावणी म्हटली की माझी स्वारी खूश. मधल्या सुट्टीत एकत्र चहा, थट्टामस्करी… पण सभागृहात हा बसायचा कुठं? स्वतःच्या खात्याची रांग सोडून ऊर्जा खात्याच्या रांगेत! शेजारी ऊर्जाबाई – हुशार, देखणी, वर गालाला खळी. ती त्याच्या कानाशी लागायची, तो मान डोलवायचा. इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. हो, जळत होते मी! स्पष्टच सांगते.

मग मला एक युक्ती सुचली. एका गावची पाणीयोजना तयार होती, पंपही बसले होते. पण वीजजोडणीअभावी नळ कोरडे. मी प्रश्न लिहिला – विलंबाला जबाबदार कोण, पाणीपुरवठा की ऊर्जा? म्हटलं, आता भांडा! एकमेकांवर ढकला आणि तोंडं फिरवून बसा.

समितीच्या अध्यक्षबाईंनी प्रश्न विचारला. तो उठला. "चूक आमची, मॅडम. जोडणीचा अर्ज आम्हीच उशिरा दिला."

लगेच ती उठली. "नाही मॅडम, अर्ज आमच्याकडेच पडून होता."

एकमेकांची पाठराखण!

अध्यक्षबाई मात्र खूश. "खातं चूक कबूल करतंय, हे मी पहिल्यांदाच बघतेय. आता तुम्ही दोघं एकत्र तिथं जा. नळाला पाणी आलं की मगच परत या. तोवर पुढचा निधी मिळणार नाही."

एकत्र. तेही माझ्याच प्रश्नामुळं! आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. डोळे भरून आले, म्हणून बाहेर कूलरपाशी जाऊन उगाच पाणी पीत राहिले.

मागून ऊर्जाबाई आली. "अहो, तुमचा तो पाणीवाला परत घ्या बाई! माझ्या रांगेत ठाण मांडून बसतो."

"माझा…? तो तर तुमच्यासाठीच…"

"माझ्यासाठी? त्यांच्या रांगेसमोर खांब आहे, तिथून तुम्ही दिसत नाही म्हणे! आणि वर माझं डोकं खातो – 'आज रागावल्यात का? पेन का चावतायत?' मी काय सांगणार, कपाळ!"

ती हसत निघून गेली. मी रिकाम्या सभागृहात शिरले आणि पाणीपुरवठ्याच्या रांगेत जाऊन बसले. समोर नुसता खांब. माझं टेबल खरंच दिसत नव्हतं.

"पटलं?" तो दारात उभा होता.

"आधी सांगायचं ना…"

"विचारायचं काम तुमचं. तुम्ही विचारलंच नाहीत."

"मग आता विचारते…" मी उठून खांबापुढं आले. "मी आवडते तुम्हाला?"

"हो. फार." समितीपुढं इतकं थोडक्यात उत्तर त्यानं कधीच दिलं नव्हतं.

"मलाही… तुम्ही."

पाहणीला समितीचं कुणीतरी सोबत हवं, हे मी त्याच दुपारी अध्यक्षबाईंना पटवून दिलं.

जीप निघाली तेव्हा एका खिडकीशी ऊर्जाबाई, दुसऱ्या खिडकीशी तो आणि मधोमध मी.

"अजून विश्वास नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"आहे की… पण देखरेख हवीच," मी म्हटलं आणि फायलीखाली त्याचा हात घट्ट धरला.