डब्यावरचा हात

त्या दिवशी मी सीताबर्डीला फक्त दोन कपॅसिटर आणायला गेलो होतो. दादाने ते आधीच सांगून ठेवले होते. दादा गेल्याचं दुकानदाराला माहीत नव्हतं. "संघपालले म्हणा, आले तुह्ये एकदाचे," म्हणत त्याने पुडी माझ्या हातात दिली. मी पुडी खिशात टाकली आणि भर उन्हात गाडी हाणत घरी आलो.

संघपाल माझा मोठा भाऊ. उन्हाळा लागता लागता खापरखेड्याच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याला उडवलं. मी आठवीत शाळा सोडली. लोकांचे कूलर दुरुस्त करतो. हाताला जे काही येतं ते त्यानेच शिकवलं. त्याला गाणं ऐकायच्या यंत्रांचा नाद होता. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, तो सांगायचा. आकड्यांचा आवाज करणारी चिप बाजारात मिळते, पण तिचा आवाज कोरडा, जीव नसलेला. त्यात जीव भरून तो पुढे स्पीकरकडे नेणारी जोडणी आपल्या हाताने करावी लागते. दादाने ती जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या दोन व्हॉल्व्हवर केली होती आणि वहिनींच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात बसवली होती.

"लोकाईचे नवरे दारू पेते, माह्या नवऱ्यानं डबा पळवला," उन्नतीवहिनी म्हणायच्या. दादा हसायचा.

डब्यात एक खोड होती. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येत राहायचं. दादा डब्यावर तळहात ठेवायचा आणि आवाज एकदम बसायचा. हात उचलला की पुन्हा सुरू.

"आपल्या बोर्डात अर्थिंगचं भोक आहे, पण मागं जमिनीत जाणारी तारच नाही गा," तो म्हणायचा. "म्हणून रडते. माणसाचा हात लागला का चूप बसते."

मी त्याच दुपारी ते कपॅसिटर डब्यात सोल्डर करायला बसलो. मे महिन्यातली नागपूरची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, खोलीत अंधार, पुठ्ठ्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक पांढरी रेघ भिंतीवर. कूलरच्या ओल्या गवताचा वास, त्यात सोल्डरच्या धुराचा. ऐकता यावं म्हणून मी कूलर बंद केला आणि डबा लावला. व्हॉल्व्हच्या आत नारिंगी तार हळूहळू पेटली. गाणं काही लावलं नाही, लावायची हिंमतच झाली नाही. घूं सुरू झालं. मी भिंतीला टेकून ऐकत बसलो. घरात त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं.

आणि घूं थांबलं.

लाइट गेली असेल म्हणून मी पाहिलं. व्हॉल्व्ह पेटलेले होते. पंखा फिरत होता. मी डब्यापासून लांब होतो. थोड्या वेळाने आवाज आपोआप आला, पुन्हा बसला. अगदी तसाच, एका झटक्यात.

"दादा..." मी म्हणालो. "तू असशीन तर हात उचल."

घूं आलं.

"ठेव."

थांबलं.

मी रडलो नाही. पळत स्वयंपाकघरात गेलो आणि वहिनींना ओढत आणलं.

"ऊन लागलं तुमाले," त्या म्हणाल्या. "माह्या डब्यात बसला काय तो? पोहे खाऊन राहिला?"

तेवढ्यात त्यांच्यासमोर आवाज बसला. वहिनी खाली बसल्या आणि डब्यावर हात ठेवला. व्हॉल्व्हमुळे तो डबा इतका तापतो की पोळी शेकावी.

"थंडा आहे..." वहिनी म्हणाल्या.

मीही हात लावला. चटका बसला, वर झिणझिण्या आल्या. माझा हात मागे आला, त्यांचा तिथेच राहिला.

तेव्हापासून त्यांचं तेच झालं. मी कामावर निघालो की डबा लावायचा आणि हात ठेवून बसायचं. चूल थंड, भांडी तशीच. मला राग यायचा. खोटं कशाला लिहू, माझा जळफळाट व्हायचा. तो मलाच आधी भेटला होता, आणि आता मी कितीदा हात ठेवला तरी मला नुसता तापलेला पत्रा लागायचा.

वहिनींचा उजवा हात हळूहळू वेगळा दिसायला लागला. नखं निळसर झाली. पाण्याचा गिलास त्या हातात टिकेना. शेजारचे मनोहरराव जन्मभर वायरमन होते. त्यांनी एकदा तो हात पाहिला आणि टेस्टर आणून डब्याला लावला. टेस्टरमधला लाल ठिपका पेटला.

"बाबू, याच्यात करंट उतरून राहिला," ते मला बाहेर नेऊन म्हणाले. "आंगणात खड्डा खांद, अर्थिंग टाकून देतो. नाही तर बाई जाईन एक दिवस."

"अर्थिंग टाकली का आवाज बंद होईन न?"

"होईनच. त्याच्यासाठीच टाकते."

"मग नोको," मी म्हणालो. त्यांना वाटलं मला पैशांची अडचण आहे. फुकट करून देतो म्हणाले. मी फाटक लावून घेतलं.

पुढच्याच दुपारी मी एका घरी कूलरला गवत भरत होतो. हातातला पंप चालता चालता बंद पडला. बिघाड काही नव्हता, घूं बसायचं तसा एका झटक्यात बंद पडला. पंप तिथेच टाकून मी घरी आलो. दारातून घूं ऐकू येत नव्हतं. आत वहिनी कुशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे. तळहात डब्यावर. मी बटण बंद केलं, पिन उपटून काढली. व्हॉल्व्ह विझले, तरी हात सुटेना. लाटणं घालून एकेक बोट उचकटावं लागलं. डब्याला बर्फासारखं पाणी सुटलं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास घेतला.

"काहून सोडवलं जी..." त्या म्हणाल्या. "तो चल म्हणे. मी निघालीच होती."

मी मनोहररावांच्या दारात गेलो. ते कुदळ घेऊनच निघाले. अंगणात कमरेइतका खड्डा मी एकट्याने खणला. पाइप उभा केला. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वरून माती, बादल्या बादल्या पाणी. वहिनी दारात बसून बघत होत्या.

"एकदा पोचवलं न त्याले," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा काहून पोचवता, भाऊजी?"

मी पाइपपासून आणलेली हिरवी तार बोर्डामागे जोडली आणि अर्थिंगच्या भोकात जाणारी तीन पायांची पिन लावून डबा सुरू केला. घूं आलं नाही. स्पीकरला कान लावला. काही नाही. इतकी शांतता मी आमच्या घरात कधी ऐकली नव्हती. "दादा," मी म्हणालो, "हात उचल." कितीदा म्हणालो, कोण जाणे. मनोहररावांनी खांद्याला धरून मला उठवलं.

अर्थिंग तपासायला त्यांनी बल्बला दोन तारा लावून एक बोर्डात घातली, दुसरी अंगणात पाइपला बांधली. बल्ब लख्ख पेटला. "फस क्लास," ते म्हणाले. मग तारा आवरण्यासाठी त्यांनी मेन स्विच खाली पाडला. घरातले पंखे थांबले. डबा विझला.

अंगणातला बल्ब मंद झाला, पण विझला नाही.

मनोहररावांनी आत जाऊन मेन पाहिला. बोर्डातली तार उपटली आणि तिचं उघडं टोक हातात धरून उभे राहिले. बल्ब पेटलेलाच.

"बाजूच्या घरून येत असन जमिनीतून," ते म्हणाले. तारा तशाच सोडून ते गेले, कुदळही विसरले.

ऊन उतरलं होतं. मी खड्ड्याजवळ बसलो. ओल्या मातीचा आणि कोळशाचा वास येत होता. बल्बमधली तार नारिंगी होती, व्हॉल्व्हसारखी. मी मातीवर तळहात ठेवला.

बल्ब विझला.

हात उचलला. पेटला.

माती थंड होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ते थंड लागलं. मी पुन्हा हात टेकवला आणि तसाच बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. बोटं बधिर व्हायला लागली. मागे वहिनी येऊन उभ्या राहिल्या, दुखरा हात पदरात गुंडाळलेला. त्यांच्याकडे बघून मला धास्ती वाटली. बस झालं, म्हटलं, आणि जोर लावून हात वर ओढला.

बल्ब विझलेलाच राहिला.

आम्ही दोघं वाट बघत होतो. अंगणात तिसरं कुणी नव्हतं.

"तुमचा हात तर वर आहे न, भाऊजी..." वहिनी हळूच म्हणाल्या.