बर्फाची खालची बाजू

मी सकाळी आठला शेडमध्ये येते. पूर्वी इथे सरोवरातले मासे पेट्यांत भरायचे, आता माझी चित्रं असतात. आल्यावर पहिलं काम म्हणजे चालू असलेला कॅनव्हास फिरवायचा. काल वर असलेली बाजू आज उजवीकडे. रोज असं केलं की चित्राला वर-खाली उरत नाही, आणि डोळा त्यात झाडं, डोंगर, माणसं शोधायचं सोडून देतो. मग रंग लावते, सुकू देते, रुंद पट्टीने खरवडते, पुन्हा लावते. पहिला फटकारा माझा. पुढचे चित्र सांगेल तसे. ते काही मागेनासं झालं की वरची बाजू ठरवायची आणि पाठीमागे सही करायची. तेहतीस वर्षं मी असंच काम करते. कोणी विचारलं की हे कशाचं चित्र, तर सांगते, कशाचंच नाही. आणि ते खरं असतं.

माझी भावजय लेम्पी दर बुधवारी दहाच्या सुमारास वेलदोडे घातलेला पाव घेऊन येते. खिडकीशी बसून कॉफी पिते आणि माझी चेष्टा करते.

"काय बाईसाहेब, आज काय पुसलंत?"

"कालचं निळं."

"आमच्या कोंबड्यांनी यावर पाय पुसले असते तर याहून बरं निघालं असतं."

"पाठव त्यांना. जागा आहे."

या एप्रिलमध्ये मी सहा बाय आठ फुटांचा कॅनव्हास सुरू केला. तिसरा थर खरवडला तेव्हा एका कडेला बशीएवढा पांढुरका डाग राहिला. त्यावर करडा रंग लावला. वाळल्यावर डाग तिथेच. मी दचकले नाही. खालचा रंग वर येणं मला नवीन नाही. शिवाय चित्र हट्ट धरतं तेव्हा मी त्याचं ऐकते. डाग ठेवला आणि बाकीचं त्याच्याशी जुळवत गेले. भोवती हिरवट काळं, त्यातून फुटलेल्या फिकट रेघा, लांब जाताना बुडत गेलेल्या.

त्या बुधवारी लेम्पीने चेष्टा केली नाही. कॉफी तिच्या हातातच निवत होती.

"इर्या, हे फिरव."

"फिरवते ना, रोज."

"आत्ता फिरव. तो डाग वर येऊ दे."

दोघींनी मिळून फिरवला. ती चार पावलं मागे गेली आणि तिने मान उचलली, चित्र जणू छताला लावलेलं होतं.

"हा बर्फ आहे," ती म्हणाली. "खालून पाहिलेला."

अकरा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, माझा धाकटा भाऊ एस्को गोठलेल्या सरोवरावर, बर्फाखाली लावलेली जाळी काढायला गेला. तो आणि त्याची बर्फगाडी, दोन्ही एकाच भोकातून खाली गेले. गाडी उन्हाळ्यात सापडली. लेम्पीचा नवरा सापडला नाही.

"मी त्याचं चित्र कधी काढलं नाही," मी म्हटलं. "काढणारही नाही."

"तू नाहीच काढलंस. तू फक्त खरवडलंस."

ती गेल्यावर मी डागाभोवती पेन्सिलने वर्तुळ काढलं आणि त्या कॅनव्हासला हात लावायचा नाही असं ठरवलं. फिरवलाही नाही. पुढच्या बुधवारी डाग ताटाएवढा होता आणि पेन्सिलची रेघ त्याच्या आत गेली होती. त्याच्या पुढच्या बुधवारी घमेल्याएवढा. रंग कोरडा होता, पण त्यावरून बोट फिरवलं की नखापर्यंत गारठायचं.

"लांब जाणारी गोष्ट लहान दिसते," लेम्पी पाव कापत म्हणाली. "हे भोक मोठं होतंय."

"मग?"

"मग बघणारा वर येतोय."

बसला उशीर आहे असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

मे महिन्यात बाहेर सरोवरावरचा बर्फ फुटला. लेम्पी आता रोज येऊ लागली. एके दिवशी येताना तिने मोठा टॉवेल आणि पुरुषी मापाचे लोकरी मोजे आणले, शेगडीजवळच्या खुर्चीवर घडी करून ठेवले आणि कॉफी ओतली.

मला भीती वाटत नव्हती. राग येत होता. चित्र कधी संपलं हे मी ठरवते, आणि संपलेलं चित्र बदलत नाही. म्हणून एका दुपारी मी एकटीनेच कॅनव्हास ओढून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. सही करायला.

मागचं कापड कोरं होतं. तिथवर रंग कधी पोचत नाही.

मी ब्रश टेकवला.

कापडाने तो परत ढकलला.

ब्रश खाली ठेवून मी तिथे तळहात लावला. पलीकडून, बरोबर माझ्या हातासमोर, कापड फुगलं. पाच ठिकाणी.

मी कडेने वाकून पाहिलं. कॅनव्हास आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती. तिथे काही नव्हतं.

"सही करू नकोस."

लेम्पी दारात उभी होती.

"मग काय करू?"

"पक्कड दे."

कापड चौकटीला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून बसवलेलं होतं. तिने खालच्या कोपऱ्यातली पहिली चूक उपटली. मी दुसरी पक्कड घेऊन पलीकडून सुरुवात केली. या चित्राला काय हवं आहे ते मला कळत होतं, आणि इतकं स्वच्छ कळण्याचे दिवस थोडे असतात.

खालची बाजू सुटली. मग डावी. मग उजवी.

वरची शेवटची चूक लेम्पीने काढली आणि पक्कड जमिनीवर ठेवली.

आम्ही दोघी मागे सरकलो. कापड आता कशालाच अडकलेलं नव्हतं. ते खाली पडलं नाही. सैलही झालं नाही. पाच ठिकाणी ते अजून आमच्याकडे फुगलेलं होतं.