उघडं टोक

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी ठीक तीन वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या घरातील बाहेरच्या खोलीत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या पर्यवेक्षकांनी दिवंगत थोरल्या भावाच्या स्पीकरची तार तिसऱ्यांदा कापली.

दोघा भावांचा वाद चाळीस वर्षांचा होता. दादा म्हणत, तारेचं उघडं टोक पिळून स्क्रूखाली दाबलं की काम झालं. मध्ये तिसरा कशाला? पर्यवेक्षक म्हणत, उघडं तांबं काळं पडतं, एखादा तंतू शेजारी टेकतो नि अँप्लिफायर जळतो, प्लगच हवा. दादा डावखुरे. त्यांचा पीळ जगाच्या उलटा, आणि इतका घट्ट की एक तंतू सुटा दिसायचा नाही.

ते गेल्यावर वहिनींनी स्पीकर पाठवले, सोबत एकच निरोप: “तारांना हात लावू नका.”

पर्यवेक्षकांनी त्याच दिवशी सोनेरी मुलाम्याचे बनाना प्लग बसवले. तेव्हापासून दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत डावा स्पीकर हलकेच गुणगुणू लागला.

“अहो, भावजी आहेत,” पत्नी म्हणाली.

“जोडणी सैल आहे. मेलेली माणसं बेसूर गात नसतात.”

“जिवंतपणी तरी कुठे सुरात गात होते?”

दुसऱ्या सकाळी प्लग टेबलावर होते आणि स्पीकरच्या स्क्रूखाली उघडी तार, पीळ उलटा. पर्यवेक्षकांनी तारेला बसवायची, काट्यासारखी दुबेळकी धातूची टोकं आणली, पकडीने आवळली. आज सकाळी तीही टेबलावर होती, ओळीने मांडलेली.

पत्नीने बॅग भरली. “संध्याकाळपर्यंत हे थांबलं नाही, तर मी ताईकडे चालले. मग राहा दोघे भाऊ!”

म्हणून पर्यवेक्षकांनी अँप्लिफायर बंद केला, तार दोन्हीकडून उपसली, काळवंडलेलं टोक छाटलं आणि इंचभर वेष्टण सोललं. तांबं लखलखलं. स्पीकर आता कशालाच जोडलेला नव्हता.

तो गुणगुणतच होता.

पर्यवेक्षकांनी चष्मा सारखा केला, खाकरले आणि सभेत बोलावं तसे बोलले, “दादा, तू गेलास म्हणून तुझं म्हणणं खरं ठरत नाही. तांबं काळं पडतं. प्लगच बसणार.”

गुणगुण थांबली.

“ऐकलंस?” ते दाराकडे वळून म्हणाले. “ठेव ती बॅग.”

उजव्या हातात प्लग होता, डाव्यात सोललेली तार. तिचे तंतू हलले.

एकेक करून ते वळू लागले. संथपणे. उलटे. त्यांच्या तर्जनीभोवती.

“बसणार,” ते पुटपुटले. त्यांनी तार सोडली नाही, प्लगही नाही.

बोटाचं टोक पांढरं पडलं.

पत्नी बॅग खाली ठेवून जवळ आली. तिने ते बोट उजेडाकडे वळवलं, निरखून पाहिलं. एक तंतू सुटा नव्हता.

“हे भावजींच्याच हातचं आहे,” ती म्हणाली.